चुन्याची तहान

त्या दिवसाचं मला सगळ्यात आधी आठवतं ते पाण्याचं खदखदणं. खाली जाळ नव्हता, शेगडी नव्हती, तरी पत्र्याच्या पिंपातलं पाणी उकळत होतं. घराला सफेदी करायची होती. रंगारीकाकांनी पिंपात चुन्याचे खडे टाकले होते. मुठीएवढे, पांढुरके, हातात घेतले तर दिसतात त्यापेक्षा हलके. त्यावर त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि ते ब्रश आणायला आत गेले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक खडा तडकला. मग दुसरा. बघता बघता सगळं पिंप फसफसायला लागलं आणि वाफेचा लोट वर आला.

मी तेव्हा नऊ वर्षांची आणि दादा बारा वर्षांचा. आग नसताना पाणी उकळतंय म्हटल्यावर आम्ही दोघं पिंपावर वाकलो नसतो तरच नवल. दादा माझ्यापेक्षा उंच, म्हणून तो जास्त वाकला. पिंपातून एक शिंतोडा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

तो ओरडला तो आवाज मी इथे लिहीत नाही. आई धावत आली. त्याने दोन्ही तळव्यांनी डोळा गच्च झाकून घेतला होता. आईने ते तळवे ओढून काढले, त्याची मान नळाखाली घातली आणि दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या. "उघड. डोळा उघड. चोळू नकोस," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजूबाजूचं कुणी म्हणालं, आता पुरे, डॉक्टरकडे न्या. तिने नळ बंद केला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. माझे पाय वाहत्या पाण्यात गार पडले होते एवढं आठवतं. मग दवाखाना. डॉक्टरांनी वरची पापणी एका काडीवर उलटी केली आणि तिच्या आतल्या बाजूला, अगदी वरच्या घडीत, राईपेक्षा लहान असा एक पांढरा कण चिकटलेला त्यांना सापडला. इतक्या पाण्यानेही तो निघाला नव्हता. ओल्या कापसाने त्यांनी तो टिपून घेतला, आणि पुन्हा धुणं सुरू झालं.

दादाचा डोळा वाचला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर खालच्या बाजूला एक धुरकट डाग मात्र राहिला तो कायमचा. अजूनही काही बारीक बघायचं असलं की तो मान किंचित डावीकडे वळवतो, उजवा डोळा पुढे यावा म्हणून. ही त्याची सवय त्याला स्वतःला जाणवतही नसेल. मला प्रत्येक वेळी दिसते.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि आता शिकवते. तो कण तिथे काय करत होता, हे मला बऱ्याच उशिरा नीट कळलं. आणि कळलं तेव्हा असंही लक्षात आलं, की ज्या कारणाने तो माझ्या भावाचा डोळा खात होता, त्याच कारणाने चुना माणसाला इतका उपयोगी पडला आहे.

सुरुवात चुनखडीपासून. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपले, प्रवाळ, समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं, हे सगळं तळाशी साचून, दाबलं जाऊन बनलेला शांत दगड. पाणी ओता, काही होत नाही. हात लावा, काही होत नाही. हा दगड भट्टीत ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हिशेब अगदी नेमका आहे: १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मागे उरतो. खड्याचा आकार फारसा बदलत नाही. वजन मात्र जवळजवळ निम्म्याने घटतं. पिंपातले ते खडे हलके का होते, याचं उत्तर हे.

आता या उरलेल्या पदार्थाला गेलेलं परत हवं असतं. रसायनशास्त्राच्या भाषेत हे वाक्य चुकीचं आहे. पदार्थाला काही हवं-नको नसतं, हे मीच मुलांना सांगते. तरी चुन्याबद्दल बोलताना मला 'तहान' या शब्दावाचून चालत नाही. भट्टीत भरपूर उष्णता खर्चून दगडाला जे सोडायला लावलं, ते मिळेल तिथून परत घेण्याकडे त्याचा सगळा ओढा असतो. आधी तो पाणी घेतो. ५६ ग्रॅम चुना १८ ग्रॅम पाणी पोटात घेऊन ७४ ग्रॅम भिजलेला चुना होतो, कोरडी भुकटी, वर ओल दिसतही नाही. आणि हे होताना उष्णता बाहेर पडते. एक किलो चांगल्या कळीच्या चुन्यातून सुटणारी उष्णता सगळीच्या सगळी पकडता आली, तर साधारण तीन लिटर पाणी उकळीला येईल. पाणी कमी आणि चुना जास्त असेल तर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही बरंच वर जातं. लाकूड, कागद, गोणपाट पेट घेऊ शकतात.

पाण्यावर ही तहान भागत नाही. भिजलेला चुना मग हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढायला लागतो, सावकाश, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. तो पुरेसा मिळाला की पुन्हा चुनखडी होतो. दगड भट्टीत जातो, हलका खडा होऊन बाहेर येतो, पाण्यात लोणी होतो आणि भिंतीवर परत दगड होतो. चुन्याची भिंत 'वाळते' असं आपण म्हणतो, पण वाळणं हा त्यातला छोटा भाग. खरं तर ती हवा पिऊन दगड होत असते.

हे कोडं उलगडायला माणसाला फार वेळ लागला. चुना भाजणं हजारो वर्षं जुनं आहे. जॉर्डनमधल्या ऐन गझल इथे १९८३ साली जमिनीखाली मानवी आकृत्या सापडल्या. वेताच्या सांगाड्यावर चुन्याचा लेप देऊन घडवलेल्या, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांचे डोळे मोठे आणि टक लावून बघणारे आहेत. ज्यांनी ते लेपले त्यांना भट्टी कळत होती, भिजवणं कळत होतं. कारण मात्र अठराव्या शतकापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. चुना जाळतो, कारण भट्टीत तो आगीचे कण शोषून घेतो, अशी समजूत होती. विचार केला तर फार वेडगळ नाही. आगीतून आलेली वस्तू आगीसारखी वागते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात हातात तराजू घेतला. चुनखडी भाजल्यावर वजन वाढत नाही, घटतं. म्हणजे तिने काही घेतलेलं नाही, गमावलेलं आहे. जे गेलं त्या वायूला त्याने 'बद्ध हवा' म्हटलं आणि तोच वायू आपल्या उच्छ्वासातही आहे हे चुन्याच्या निवळीतून दाखवलं. कार्बन डायऑक्साइडची नीट ओळख जगाला चुन्यामुळे झाली. वर्गात नळीने निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करणारं प्रत्येक मूल ब्लॅकचाच प्रयोग करत असतं.

एवढी तहान असलेली वस्तू हाताशी आल्यावर माणसाने तिला काय काय प्यायला लावलं, याची यादी मोठी आहे. त्यातलं पोलादाचं प्रकरण मला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पुष्कळशा लोहखनिजात फॉस्फरस होता आणि त्यामुळे पोलाद ठिसूळ निघायचं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनमधल्या पोलीस कोर्टातला कारकून. संध्याकाळी रसायनशास्त्राचे वर्ग करायचा. त्याने आणि त्याच्या रसायनतज्ज्ञ मामेभावाने १८७८ च्या सुमारास उपाय शोधला: भट्टीला आतून अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, अस्तर द्या आणि वितळलेल्या लोखंडात चुना घाला. चुना फॉस्फरसला धरून धातुमळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळात, घेऊन जातो. वाया गेलेलं खनिज एका रात्रीत मौल्यवान झालं, आणि ती फॉस्फरसयुक्त मळी दळून शेतात खत म्हणून वापरली जाऊ लागली. थॉमस १८८५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने गेला. आजही पोलादाच्या भट्टीत चुना लागतोच.

पाणी शुद्ध करतानाही तसंच. कठीण पाण्यात, म्हणजे साबणाला नीट फेस येत नाही अशा पाण्यात, कॅल्शियम जास्त असतं, आणि ते काढायला त्यात आणखी कॅल्शियम घालायचं, म्हणजे चुना. ऐकायला उफराटं वाटतं. पण पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटशी चुना भिडतो आणि दोघं मिळून चुनखडी होऊन खाली बसतात. ॲबरडीनच्या थॉमस क्लार्कने १८४१ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. वीजकेंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड चुना किंवा चुनखडीच्या पाण्याने धुतात. त्यातून जिप्सम बनतं आणि ते घरांच्या भिंतींच्या फळ्यांत जातं. कागद, कातडी कमावणं, आम्लधर्मी जमीन सुधारणं, रस्त्याखालची चिकणमाती घट्ट करणं, कुठेही बघा, चुना आहे. 'लाइमलाइट' या शब्दातलं लाइम म्हणजे लिंबू नव्हे, हाच चुना: ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा तुकडा धरला की तो न वितळता डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या प्रकाशाने झगमगतो. १८२० च्या दशकात थॉमस ड्रमंडने तो जमिनीच्या मोजणीसाठी डोंगरमाथ्यांवर लावला, आणि १८३७ साली तो लंडनच्या रंगमंचावर आला.

आता त्या कणाकडे परत येते.

डोळा हा सतत ओला अवयव. कळीच्या चुन्याला तिथे हवं ते सगळं मिळतं. पाणी मिळालं की उष्णता, आणि मग भिजलेल्या चुन्याचं तीव्र अल्क. संपृक्त निवळीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, १२.४ च्या आसपास असतो; शुद्ध पाण्याचा ७. आम्ल डोळ्यात गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्यांचाच एक बांध तयार होतो, आम्लाला थोडंफार अडवणारा. अल्काचं तसं नाही. पेशींच्या आवरणात जे स्निग्ध पदार्थ असतात, त्यांचा ते साबण करतं आणि आत आत जात राहतं. म्हणून डोळ्याचे डॉक्टर आम्लापेक्षा अल्काला जास्त भितात.

त्यात चुन्याची आणखी एक खोड आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. ऐकायला ही दिलासा देणारी गोष्ट वाटेल. पण त्याचा अर्थ असा, की पापणीखाली अडकलेला कण धुऊन जात नाही. तो तिथे कोठारासारखा बसतो. अश्रू येतात, थोडा चुना विरघळतो, अल्क बनतं; ते वाहून गेलं की पुढचे अश्रू पुढचा चुना विरघळवतात. बाहेरून धुणं चालू असतं आणि आतून पुरवठा चालू असतो. म्हणून चुन्याच्या बाबतीत नुसतं धुऊन भागत नाही. वरची पापणी उलटी करून, घडी उघडून कण काढावा लागतो. त्या दिवशी डॉक्टरांनी पापणी उलटली नसती, तर आईने लावलेला तेवढा वेळही अपुरा पडला असता. आणि आईने तेवढा वेळ लावला नसता, तर डॉक्टरांना वाचवायला फारसं काही उरलं नसतं.

चुना डोळ्यावर काय करतो हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं, आणि त्याने ते वापरलंही. १२१७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सँडविचच्या लढाईत इंग्रजांनी वारा पाठीशी घेऊन फ्रेंच जहाजावर चुन्याची भुकटी उधळली आणि आंधळ्या झालेल्या सैनिकांवर चाल केली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मेन राज्यातल्या रॉकलंडहून चुना वाहून नेणारी लाकडी जहाजं निघत. पिंपांत कोरडा चुना आणि चहूकडे समुद्र. एखादी फळी झिरपली की चुना तापायचा आणि पिंपांची लाकडं धुमसायला लागायची. आग लागली तर विझवायची कशी? पाणी ओतावं तर ती भडकणार. खलाशी एकच करत: प्रत्येक फट, प्रत्येक झडप चुन्याच्याच गिलाव्याने लिंपून टाकत, हवा कोंडत आणि आग गुदमरण्याची वाट बघत. त्या खलाशांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. पायाखाली धुमसतं जहाज, वर गिलावा ओला, आणि हातात करण्यासारखं काही नाही.

भट्टीचा धोका वेगळा, गुपचूप येणारा. भट्टीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. गार झाला की खोलगट जागी साठतो. जळणाचा कार्बन मोनॉक्साइड त्यात मिसळलेला असतो. थंडीत उबेसाठी भट्टीच्या कडेला निजलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, असं पूर्वी घडलेलं आहे.

आणि सगळ्यात साधा, रोजचा धोका ओल्या सिमेंटचा. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातून हाच भिजलेला चुना तयार होतो. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्याला सुरुवातीला काहीच दुखत नाही. बुटात थोडं सिमेंट गेलं, पँट भिजली, तो काम करत राहतो. वेदना काही तासांनी सुरू होते, तोवर कातडी खोलवर भाजलेली असते. दुखत नाही म्हणजे होत नाही, हा समज इथे पार फसतो. म्हणून ओलं सिमेंट अंगाला लागलं की काम थांबवून धुवायचं, आणि भिजलेले कपडे उतरवायचे. 'नंतर बघू' म्हणायचं नाही.

इतकी वर्षं शिकवताना काही गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्या आहेत, की मुलं आता माझ्याआधी म्हणतात. चुना भिजवायचा तर आधी भरपूर पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. भांडं रुंद हवं, आणि ॲल्युमिनियमचं अजिबात नको, कारण चुना ते खातो आणि हायड्रोजन सोडतो. भांड्यावर वाकायचं नाही. चारी बाजूंनी बंद चष्मा डोळ्यांवर हवा. साध्या चष्म्याच्या कडेने शिंतोडा आत जातो. कोरडा चुना अंगावर सांडला तर आधी झटकायचा आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्याला मात्र वाट बघायची नाही: हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याखाली, पापण्या फाकवून, निदान वीस-तीस मिनिटं, आणि मग तडक डॉक्टरकडे. अल्क मारायला आम्ल घालू का, असं एक मूल दरवर्षी विचारतं. हुशार प्रश्न आहे. उत्तर कायम एकच, नाही. त्या क्रियेतही उष्णता निघते, आणि डोळा ही परीक्षानळी नाही.

आणखी एक गोष्ट आहे जिची तीस वर्षांपूर्वी मला कल्पना नव्हती. भट्टीतून जाणारे ते १०० पैकी ४४ ग्रॅम. सिमेंटही चुनखडी भाजूनच होतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७-८ टक्के धरतात, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनाचा नसतो, खुद्द चुनखडीतून सुटलेला असतो. भट्टी सूर्यप्रकाशावर चालवली तरी तो सुटणारच. चुना त्यातला काही परत पितो, भिंतींतून, काँक्रीटमधून. पण तो पितो त्याच्या गतीने, आणि आपण भाजतो ती आपल्या गतीने.

मागच्या वर्षी ते जुनं घर रिकामं केलं. आई आता नाही. मोठं लोखंडी कपाट भिंतीपासून सरकवलं तर त्यामागे तो चुना तसाच होता. नंतरच्या सगळ्या रंगांतून सुटलेला, कपाटाच्या आकाराचा पांढरा चौकोन. हात फिरवला तर तळव्याला भुकटी लागत नव्हती. केव्हाच दगड झाला होता. मी शाळेतून विरल आम्लाची छोटी बाटली आणि ड्रॉपर आणला होता, फक्त एवढ्यासाठीच.

ड्रॉपर वर केला तर दादा म्हणाला, "थांब." त्याने माझ्या पिशवीतून दोन्ही बंद चष्मे काढले, एक मला दिला आणि दुसऱ्याचा पट्टा स्वतःच्या डोक्यामागे नीट बसवला. मग मी थेंब सोडला.

भिंत फसफसली. बारीक बारीक बुडबुडे आले, फुटले, पुन्हा आले. त्या वर्षी सफेदी ओली असताना भिंतीने खोलीतून जो वायू ओढून घेतला होता, तो सुटत होता. तेव्हा या खोलीत आम्ही चौघं निजत होतो. दादा डोळ्यावर पट्टी बांधून, आणि आई त्याच्या उशाशी जागी.

दादाने मान किंचित डावीकडे वळवली आणि शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत तो बघत राहिला.

"अजून एक टाक," तो म्हणाला.